हंगामी निरूपणकार

उन्हाळा तोंडावर आला म्हणजे आमच्या वाचकांच्या घरांपैकीं निदान कांहीं घरांत तरी परदेशगमनाची गडबड सुरू होते. मुलगा किंवा मुलगी अमेरिकेंत स्थायिक झालेली असते. आजी-आजोबांस नातवंडें पाहावयाचीं असतात. मेतकूट, भाजणी, गोडा मसाला यांच्या पिशव्या वजनकांट्यावर चढतात आणि दोन-तीन महिन्यांचा मुक्काम ठरतो. त्या मुक्कामांतला एक आठवडा यलोस्टोन, योसेमिटी, ग्रँड कॅन्यन अशा एखाद्या राष्ट्रीय उद्यानासाठीं राखून ठेवलेला असतो. मंडळी परत आली म्हणजे दऱ्या किती खोल, धबधबे किती उंच, रस्ते किती स्वच्छ आणि वाटेंत धपाटे किती दिवस पुरले, हें सर्व मोठ्या रसाळपणें सांगितलें जातें. परंतु त्या उद्यानांत सपाट कडेची टोपी घातलेलें एक माणूस भोंवतीं घोळका जमवून कांहीं सांगत उभें होतें, तें काय सांगत होतें, असा प्रश्न विचारला तर बहुधा उत्तर येतें, “होतें खरें कोणी, पण आम्हांस पुढें जावयाचें होतें.”

प्रस्तुत लेखांक त्या माणसाविषयीं आहे.

रेंजर म्हटला कीं आपल्या डोळ्यांपुढें वनखात्यांतील वनक्षेत्रपाल येतो : खाकी पोशाख, जीपगाडी, चोरट्या लांकूडतोडीचा बंदोबस्त. अमेरिकेच्या उद्यानसेवेंतही कायदा राखणारे, शस्त्र बाळगणारे रेंजर आहेतच. आम्ही बोलतों आहों तो रेंजर त्यांतला नव्हे. तो कोणास पकडीत नाहीं. आलेल्या पाहुण्यांस त्या स्थळाचा अर्थ उलगडून सांगणें हेंच त्याचें मुख्य काम. आणि या कामास तिकडे जें नांव आहे तें वस्तुतः दुभाषाच्या कामाचें नांव आहे. दगड, पाणी, झाड, जनावर यांची भाषा समजून घ्यावयाची व ती पाहुण्याच्या भाषेंत उतरवावयाची. आम्हांस मात्र त्यासाठीं आपल्या घरांतलाच एक शब्द अधिक जवळचा वाटतो, तो म्हणजे निरूपण. कीर्तनकार पूर्वरंगांत अभंग घेतो तेव्हां तो श्रोत्यांपुढें शब्दकोश वाचीत नाहीं. अभंग बहुतेकांस पाठच असतो. निरूपण करणारा तो अभंग आणि श्रोत्याचा स्वतःचा संसार यांच्यामध्यें एक वाट पाडून देतो. मग घरीं जातांना श्रोत्यास तोच अभंग नव्यानें ऐकूं येऊं लागतो. उद्यानांतला हा रेंजर झाडाच्या आणि पाण्याच्या बाबतींत नेमकें हेंच करीत असतो. म्हणून आम्ही त्यास निसर्गाचा निरूपणकार म्हणूं.

ही प्रथा कांहीं उद्यानांबरोबर जन्मास आलेली नाहीं. यलोस्टोन हें जगांतील पहिलें राष्ट्रीय उद्यान १८७२ सालीं झालें, आणि सर्व उद्यानांचा कारभार पाहणारी राष्ट्रीय उद्यानसेवा १९१६ सालीं स्थापन झाली. परंतु निरूपणाचें बीज सरकारी कचेरींत नव्हे, तर कॉलोराडो प्रांतांतील एका डोंगरी विश्रामगृहांत पडलें. एनॉस मिल्स नांवाचा एक गृहस्थ लाँग्ज पीक या शिखराच्या पायथ्याशीं आपलें विश्रामगृह चालवीत असे. पाहुण्यांस शिखरावर नेऊन आणणारे वाटाडे पुष्कळ होते. मिल्स यास वाटाड्या हवा होता तो निराळा : वाटेंत थांबणारा, बीव्हर नांवाच्या प्राण्यानें बांधलेला बांध दाखविणारा, वाऱ्यानें वांकलेल्या झाडाची हकीकत सांगणारा. त्यानें असे निसर्ग-वाटाडे तयार करण्यास आरंभ केला, आणि त्याच्या शिष्यवर्गांतील एस्थर व एलिझाबेथ बर्नेल या दोघी भगिनींस १९१७ सालीं या कामाचे अधिकृत परवाने मिळाले.

पुढें उद्यानसेवेचे पहिले संचालक स्टीफन मॅथर यांनीं टाहो सरोवराच्या परिसरांत चाललेलीं अशींच व्याख्यानें पाहिलीं आणि १९२० च्या उन्हाळ्यांत हॅरॉल्ड ब्रायंट व लॉय मिलर या दोघां प्राणिशास्त्रज्ञांकडून योसेमिटींत ही सोय पाहुण्यांसाठीं विनामूल्य सुरू करविली. त्याच उन्हाळ्यांत यलोस्टोनमध्यें इसाबेल बॅसेट वॉसन ही तरुण भूगर्भशास्त्रज्ञ बाई हेंच काम करूं लागली. तिची नेमणूक कशी झाली हें सांगण्यासारखें आहे. आदल्या वर्षीं ती साधी प्रवासी म्हणून आली होती आणि बरोबरच्या मंडळींस तेथील भूरचना समजावून देत होती. उद्यानाचे अधिकारी होरेस ऑल्ब्राइट यांच्या कानीं तें गेलें आणि त्यांनीं तिला पुढच्या हंगामासाठीं कामच देऊं केलें. या नेमणुका उन्हाळ्यापुरत्याच असत. योसेमिटींत १९१८ सालीं, पुरुष महायुद्धावर गेले असतां, क्लेअर मेरी हॉजेस या शिक्षिकेस रेंजर नेमलें गेलें, तेंही हंगामापुरतेंच. म्हणजे हें काम पहिल्यापासूनच हंगामी, आणि त्यांत स्त्रियांचा वांटाही पहिल्यापासूनचा. ह्या दोन्ही गोष्टी वाचकांनीं लक्षांत ठेवाव्यात. पुढें त्यांचा उपयोग होणार आहे.

या कामाला शास्त्र मिळालें तें १९५७ सालीं. फ्रीमन टिल्डन हा आयुष्याची बरीच वर्षें कथा-कादंबऱ्या लिहिण्यांत घालविलेला लेखक. उतारवयांत तो उद्यानांकडे वळला, शेंकडों रेंजरांचीं भाषणें श्रोत्यांत बसून त्यानें ऐकलीं, आणि त्यांतून सहा सूत्रें काढून एक लहानसें पुस्तक लिहिलें. आजही या कामावर रुजू होणाऱ्या तरुणांस तें वाचावयास सांगतात. त्याचा मतितार्थ आम्ही आमच्या शब्दांत सांगतों. केवळ माहिती दिल्यानें निरूपण होत नाहीं, मात्र माहिती नसेल तर निरूपण उभेंच राहत नाहीं. ऐकणाऱ्याच्या अनुभवाशीं जें जुळत नाहीं तें त्याच्या कानांवरून वाहून जातें. श्रोत्यास शहाणें करून सोडण्यापेक्षां त्याच्या मनांत ठिणगी टाकणें हें मोठें काम. आणि लहान मुलांसाठीं बोलावयाचें म्हणजे मोठ्यांच्या भाषणांत पाणी घालून तें पातळ करणें नव्हे. मुलांकडे जावयाची वाटच निराळी आहे. ज्या घरांत आजी नातवंडांना गोष्ट सांगते त्या घरांस हें शेवटचें सूत्र टिल्डनकडून शिकावयास नको. परंतु पुष्कळ शाळांस तें अजून शिकावयाचें आहे.

निरूपणाची गरज कां पडली हें समजण्यास त्यापूर्वीं उद्यानांत काय चाले तें पाहावें. रात्रीं उकिरड्याच्या कडेला बांकें मांडून, दिवे लावून, अस्वलें उष्टें खातांना पाहण्यासाठीं शेंकडों लोक जमत. हा प्रयोग यलोस्टोन, योसेमिटी अशा ठिकाणीं नित्याचा होता. योसेमिटींत उन्हाळ्याच्या रात्रीं उंच कड्यावरून पेटते निखारे दरींत लोटून अग्नीचा धबधबा करून दाखवीत, आणि खालीं जमलेली गर्दी टाळ्या पिटी. अस्वलांचे प्रयोग १९४० च्या दशकांत बंद झाले. अग्निप्रपात जानेवारी १९६८ पर्यंत चालला. लोक क्रूर होते म्हणून हें चालत असे, असें नव्हे. डोळ्यांस मेजवानी हवी होती व ती मिळत होती, इतकेंच. तमाशा पाहणाऱ्याच्या मनांत अस्वलाविषयीं प्रश्न उठत नाहीं, आणि ज्याच्या मनांत प्रश्न उठत नाहीं त्याच्या हातून कोणतीच गोष्ट राखली जात नाहीं.

आतां एक निरूपण प्रत्यक्ष कसें चालतें तें पाहूं. यलोस्टोनमध्यें ओल्ड फेथफुल नांवाचें उकळत्या पाण्याचें कारंजें आहें. तें ठराविक अंतरानें उसळतें व शंभर ते पावणेदोनशें फूट उंच जातें. उसळी दीड ते पांच मिनिटांची, आणि दोन उसळ्यांमध्यें बहुधा दीड तासाच्या आगेंमागें वाट पाहावी लागते. लोक बांकांवर बसून घड्याळें पाहत असतात. मुलें कंटाळलेलीं असतात. अशा वेळीं रेंजर पुढें येतो आणि पहिलाच प्रश्न टाकतो : पुढची उसळी केव्हां येईल हें आम्हांस कसें कळतें, सांगा पाहूं? कोणी म्हणतो यंत्र असेल, कोणी म्हणतो अनुभव. मग तो सांगतो कीं मागची उसळी किती वेळ टिकली एवढेंच मोजावयाचें. ती आंखूड असेल तर आंतलें पाणी थोडेंच गेलें, म्हणून पुढची लवकर येईल. लांब असेल तर भांडें पुष्कळ रिकामें झालें, तें भरावयास वेळ लागेल. जमिनींत एक अरुंद नळी, तिच्यांत वरच्या पाण्याच्या भारामुळें उकळूं न शकणारें अतितप्त पाणी. वरचें थोडें पाणी बुडबुड्यांनीं बाहेर ढकललें जातांच भार हलका होतो आणि खालच्या पाण्याची एका क्षणांत वाफ होते. स्वयंपाकघरांत कुकरची शिटी होतांना पाहिलेल्या कोणत्याही गृहिणीस यांतलें अर्धें आधींच ठाऊक असतें. राहिलेलें अर्धें रेंजर जोडून देतो. एवढें ऐकल्यावर कंटाळलेलें मूलही घड्याळ हातांत घेऊन बसतें, आणि उसळी संपल्यावर आपण होऊन सांगतें, “आजी, आतां बराच वेळ लागणार!” कारंजें तेंच, परंतु पाहणारा बदलला.

हें उदाहरण कौतुकाचें झालें. दुसरें उदाहरण आम्ही मुद्दाम गंभीर घेतों, कारण निरूपण ही केवळ करमणुकीची बाब नव्हे हें त्यावरून कळेल.

कॅलिफोर्नियांत सिएरा नेवाडा पर्वताच्या पश्चिम उतारावर महासेक्वॉया नांवाचे वृक्ष आहेत. त्यांतील जनरल शेरमन हा वृक्ष २७५ फूट उंच असून बुंध्याचा घेर शंभर फुटांहून अधिक आहे. खोडाच्या आकारमानानें तो पृथ्वीवरील सर्वांत मोठा वृक्ष, आणि वय सुमारें दोन हजार वर्षांचें. उद्यानें झाल्यावर साहजिकच पहिला विचार असा झाला कीं अशा वृक्षांजवळ आगीची ठिणगीसुद्धां येऊं द्यावयाची नाहीं. कित्येक दशकें प्रत्येक वणवा तत्परतेनें विझविला गेला. हेतु शुद्ध होता. फळ विपरीत आलें. जुने वृक्ष उभे होते, पण त्यांच्या खालीं नवीन रोपें दिसेनात. १९६० च्या दशकांत रिचर्ड हार्टेस्वेल्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनीं याचें कारण उलगडलें. या वृक्षाचीं फळें, म्हणजे शंकूच्या आकाराचीं कठीण बोंडें, झाडावर वीस-वीस वर्षें मिटलेलीं राहूं शकतात. खालून आग गेली कीं तिच्या उष्ण हवेनें तीं सुकून उघडतात आणि ओटच्या दाण्याएवढें बीं खालीं झरतें. त्या बियांस रुजावयास पालापाचोळ्याचा थर चालत नाहीं, उघडी माती लागते. तीही आगच मोकळी करते. वृक्षाची स्वतःची साल दोन फुटांपर्यंत जाड असते, त्यामुळें साधा वणवा त्यास फारसा बाधत नाहीं. म्हणजे ज्या शत्रूपासून वृक्षाचें रक्षण चाललें होतें तो त्याचा शत्रू नसून सुईण होता.

१९६८ पासून सेक्वॉया व किंग्ज कॅन्यन या जोड उद्यानांत अधिकारी स्वतःच जंगलांत मर्यादित आगी लावूं लागले. वाचकहो, त्या पाहुण्याची कल्पना करा. तो हजार मैल मोटार हांकून जगांतील सर्वांत मोठा वृक्ष पाहावयास आला आहे, आणि समोर सरकारी माणसेंच जंगल पेटवीत आहेत! तो संतापणार नाहीं तर काय करील? त्या संतापाच्या तोंडीं उभा राहतो तो आमचा हंगामी निरूपणकार. हातांत कोंबडीच्या अंड्याएवढें मिटलेलें बोंड घेऊन तो समजावीत असतो. त्याचें बोलणें पटलें तर पाहुणा शांत होतो व घरीं जाऊन चार जणांस सांगतो. पटलें नाहीं तर शास्त्रज्ञांचें संशोधन कपाटांत राहतें आणि लोकप्रतिनिधींकडे तक्रारींचा ढीग पडतो. लोकशाहीच्या राज्यांत लोकांस न पटलेलें शास्त्र फार दिवस अंमलांत राहत नाहीं.

आणि हें निरूपण एकदां पाठ केलें कीं जन्माचें काम झालें असेंही नाहीं. २०२० व २०२१ या दोन वर्षांत त्याच पर्वतांत जे भयंकर वणवे झाले, त्यांत जगांतील मोठ्या सेक्वॉया वृक्षांपैकीं शेंकडा १३ ते १९ वृक्ष नष्ट झाले असा अंदाज आहे. सप्टेंबर १९२१ नव्हे, सप्टेंबर २०२१ मध्यें, म्हणजे आपल्या डोळ्यांदेखत, जनरल शेरमनच्या बुंध्यास चकाकत्या वेष्टनांत गुंडाळून वांचविण्याची पाळी आली. साचलेलें जळण, अवर्षण आणि वाढलेली उष्णता यांमुळें आगीचें रूपच पालटलें होतें. ती खालून जाण्याऐवजीं शेंड्यांपर्यंत चढली. आतां रेंजरास पूर्वींहून अवघड गोष्ट सांगावी लागते : आग मित्रही आहे आणि शत्रूही, आणि कोणती आग कोण हें ओळखणें यांतच सारें शहाणपण आहे. दोन वाक्यांच्या पाटीवर ही गोष्ट मावत नाहीं. ती सांगावयास जिवंत माणूस लागतो, समोरच्याच्या कपाळावरची आठी पाहून आपलें वाक्य बदलणारा.

असें महत्त्वाचें काम ज्याच्या माथीं दिलें त्या माणसाची स्वतःची स्थिति कशी आहे? उद्यानसेवेंतील हंगामी नेमणूक ही साधारणतः वर्षाकाठीं १०३९ तासांच्या मर्यादेंतली असते, म्हणजे सुमारें सहा महिन्यांची. आदल्या हिंवाळ्यांत अर्ज, वसंत ऋतूंत नेमणूक, कांहीं दिवसांचें शिक्षण, आणि मग मे-जूनपासून सप्टेंबरपर्यंत काम. सकाळीं माहितीच्या टेबलावर बसून तेच ते प्रश्न झेलावयाचे, दुपारीं पाहुण्यांस पायवाटेनें न्यावयाचें, संध्याकाळीं शेकोटीपाशीं व्याख्यान द्यावयाचें, आणि मधल्या वेळांत बायसनजवळ छायाचित्रासाठीं सरकणाऱ्या माणसास निदान पंचवीस यार्ड दूर राहण्याची विनंती करावयाची. लहान मुलांनीं पुस्तिका भरून आणली कीं त्यांस बाल-रेंजरची शपथ देऊन बिल्ला लावणें हेंही त्याचेंच काम. राहावयास उद्यानांतच, बहुधा चार जणांत मिळून, लहानशी जागा मिळते. हंगाम संपला कीं जागा सोडावयाची. मग कोणी हिंवाळी खेळांच्या गांवीं चाकरी करतो, कोणी शाळेंत शिकवितो, कोणी फ्लॉरिडांतील एव्हरग्लेड्ससारख्या, थंडींत हंगाम असणाऱ्या उद्यानांत अर्ज टाकतो. या नोकरीस निवृत्तिवेतन नाहीं, आणि पुढच्या वर्षाची शाश्वती नाहीं.

ही शाश्वती किती पातळ असते हें २०२५ सालीं दिसून आलें. २० जानेवारीस तेथील केंद्र सरकारनें नोकरभरती थांबविली आणि ज्या हंगामी उमेदवारांस काम देऊं केलें होतें त्यांचीं तीं आश्वासनें मागें घेतलीं गेलीं. फेब्रुवारींत उद्यानसेवेंतील सुमारें एक हजार उमेदवारीवरील नोकरांस काढून टाकण्यांत आलें. पुढें हंगामी भरतीस सूट मिळाली व ७७०० पर्यंत माणसें घेण्याची मोकळीक झाली. परंतु मधल्या आठवड्यांत किती जणांनीं भाड्याच्या खोल्या सोडल्या असतील आणि किती जणांनीं दुसरी वाट धरली असेल, याचा हिशेब कोणत्या वहींत मांडावयाचा? आणि हें घडलें तें कोणत्या वेळीं? आदल्याच वर्षीं, २०२४ मध्यें, उद्यानांस ३३ कोटी १९ लक्ष भेटी झाल्या होत्या. तो उद्यानांच्या इतिहासांतला उच्चांक होता.

येथें आमचा मुख्य मुद्दा येतो. माणसें कमी पडलीं म्हणजे कोणतें काम आधीं गळतें? संडास साफ करावेच लागतात, दरींत अडकलेल्यास वर काढावेंच लागतें, फाटकावर पैसे घ्यावेच लागतात. फलकावरून एक ओळ पुसून टाकली कीं गळतें तें संध्याकाळचें व्याख्यान. त्याची तक्रारही होत नाहीं. संडास बंद असला तर लोक ओरडतात; पण न ऐकलेल्या निरूपणाविषयीं कोण ओरडणार? जें ऐकलेंच नाहीं त्यांत आपलें काय गेलें हें कळावयास तें ऐकलेलें असावें लागतें. म्हणून असलीं कामें निमूटपणें मरतात, आणि पुष्कळ वर्षांनीं त्यांचे परिणाम दिसूं लागले म्हणजे कारण कोणास आठवत नाहीं.

आतां घरची गोष्ट. उद्यानसेवेंतील पगारी नोकरीस तेथील नागरिकत्व लागतें; तेव्हां ही नोकरी इकडून जाणाऱ्यांसाठीं नव्हे. परंतु तिकडे जन्मलेलीं आमचीं नातवंडें तेथील नागरिकच आहेत, आणि त्यांपैकीं एखादी नात जीवशास्त्राची पदवी घेऊन म्हणूं लागते कीं मला हें काम करून पाहावयाचें आहे. दूरध्वनीवर आजोबा पहिलाच प्रश्न विचारतात, “कायमची आहे का ग नोकरी?” नात म्हणते, “नाहीं हो आजोबा, सहा महिन्यांची.” पलीकडे क्षणभर शांतता पसरते.

या शांततेचा आम्ही उपहास करीत नाहीं. ज्या पिढीनें एका पगारावर दहा माणसांचें घर ओढलें, तिला ‘कायम’ या शब्दांत जी ऊब वाटते ती खोटी नव्हे. तरीही त्या आजोबांस आम्ही नम्रपणें एक आठवण देऊं इच्छितों. चातुर्मासांत देवळांत पुराण सांगावयास बसणारे शास्त्रीबुवा हे तरी कोठें कायमचे नोकर होते? त्यांचाही हंगाम चार महिन्यांचाच. परंतु कोणी त्यांस उनाड म्हटलें नाहीं. घरोघरचा शिधा, समाप्तीची दक्षिणा, उपरणें आणि पंक्तींतला मानाचा पाट यांनीं गांवानें त्यांचे उरलेले आठ महिने सांभाळून घेतले. काम हंगामी असलें तरी मान हंगामी नव्हता. अर्थात् त्या व्यवस्थेचे दोषही होते. त्या पाटावर बसण्याचा व ऐकण्याचाही अधिकार सर्वांस सारखा नव्हता, हें विसरून चालणार नाहीं. पण एक तत्त्व तींत होतें : जो समाजाला अर्थ सांगतो त्याच्या पोटाची चिंता त्यानें एकट्यानें वाहावी, असें समाजानें म्हणूं नये.

तेव्हां नातीस आमचा सल्ला असा : जावें, दोन-तीन हंगाम डोळे उघडे ठेवून करावेत, हिंवाळ्यासाठीं दुसरें एखादें कौशल्य हाताशीं ठेवावें, आणि कायम नोकरीची आशा असेल तर ती मिळावयास पुष्कळदां अनेक वर्षें लागतात हें आधींच जाणून असावें. आजोबांस आमचा सल्ला असा : ‘कायमची आहे का?’ हा प्रश्न जरूर विचारावा, पण तो दुसरा विचारावा. पहिला प्रश्न, “तूं तेथें काय सांगणार आहेस, मला सांग पाहूं,” हा असावा. त्या प्रश्नानें जें बोलणें सुरू होईल तें नातीच्या तयारीलाही उपयोगी पडेल. कारण सत्तर वर्षांच्या, परक्या देशांतल्या माणसास जी गोष्ट समजली ती कोणासही समजेल.

शेवटीं, हा सर्व प्रपंच केवळ परदेशच्या कौतुकासाठीं नाहीं. आपल्याकडे मारुती चितमपल्ली (१९३२-२०२५) यांनीं वनखात्यांत राहून आदिवासींकडून अरण्याची भाषा शिकून घेतली व ती आपल्या घरांत आणून पोंचविली. परंतु एका लेखकावर सबंध जंगलाचें निरूपण सोडून देतां येत नाहीं. ताडोबाच्या वनांत गाडीबरोबर जो वाटाड्या येतो तो जवळच्याच गांवचा तरुण असतो. गाभ्याचें जंगल १ जुलैपासून ३० सप्टेंबरपर्यंत बंद असतें, म्हणजे त्याचेंही काम हंगामीच. त्यास ऐनाची भेगाळ साल आणि कडईचें पांढरें खोड ओळखूं येतें. वानर कोणत्या कारणासाठीं खोकतें आणि चितळ कोणत्या कारणासाठीं ओरडतें हें तो जाणतो. आणि गाडींत बसलेलीं सुशिक्षित मंडळी त्यास एकच प्रश्न विचारतात, “वाघ दिसेल ना?” वाघ दिसला तर बक्षिसी, न दिसला तर कपाळावर आठ्या. अशानें तो तरुणही हळूहळू बाकीचें सांगावयाचें सोडून देतो, आणि मोटारी वाघामागें धांवूं लागतात. उकिरड्यावरच्या अस्वलांचा तमाशा तिकडे बंद पडून ऐंशीं वर्षें होत आलीं. आपण त्याच वाटेनें नव्यानें जावयाचें कीं काय, याचा विचार श्रोत्यानें करावयाचा आहे; कारण निरूपण कसें होतें हें जितकें सांगणाऱ्यावर तितकेंच ऐकणाऱ्यावर अवलंबून असतें.

म्हणून वाचकांस आमची विनंती लहानशीच आहे. यलोस्टोन असो कीं ताडोबा, पोंचल्याबरोबर आजचें निरूपण किती वाजतां आहे हें विचारावें, किंवा वाटाड्यास सांगावें कीं वाघ दिसो न दिसो, तुम्हांला या रानांत जें आवडतें तें आम्हांस दाखवा. मुलांस पुढें बसवावें व त्यांचे प्रश्न दाबूं नयेत. ऐकलेलें आवडलें तर तसें त्यास तोंडावर सांगावें, आणि परत आल्यावर त्याच्या वरिष्ठांस चार ओळी लिहून कळवावें कीं आम्हांस त्या स्थळीं सर्वांत अधिक काय मिळालें असेल तर हें. न ऐकलेल्या गोष्टीची तक्रार होत नाहीं. निदान ऐकलेल्या गोष्टीची नोंद तरी झाली पाहिजे.